मराठवाड्यातले इस्लामी साहित्य आणि दीनाची नवी जाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, परभणी, नांदेडकडच्या मुस्लिम घरांत आज एक पिढी अशी आहे, जी घरात दखनी बोलते, मशिदीत उर्दू बयान (प्रवचन) ऐकते आणि वाचते मात्र मराठीतून. दीन, म्हणजे धर्म, समजून घ्यायची तिला ओढ आहे, पण पुस्तक कुठल्या भाषेतले घ्यायचे, कुणाचे घ्यायचे, सुरुवात कुठून करायची, हे तिला कुणी बसवून सांगत नाही. जुम्याच्या नमाजनंतर, निकाहच्या मांडवात, आमच्या छोट्या वाचनकट्ट्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, ते इथे घेतले आहेत. माझे मत आधीच सांगून ठेवतो. या भागात दीनाची जाग प्रत्येक वेळी लोकांच्या बोलीत उतरलेल्या पुस्तकांनी आणली आहे आणि आता पाळी मराठीची आहे.

धार्मिक पुनरुज्जीवन म्हणजे काय? धर्मात काही नवे घालायचे का?

नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, एक प्रसिद्ध हदीस आहे : दर शंभर वर्षांनी अल्लाह या उम्मतसाठी (मुस्लिम समाजासाठी) दीन ताजा करणारे कुणीतरी पाठवील. दीन तोच राहतो. त्यावर साचलेली रूढी, आळस आणि दिखावा झटकायचा असतो.

या विषयावरचा सर्वांत मोठा ग्रंथ इमाम गझाली (मृत्यू ११११) यांचा ‘इह्या उलूमिद्दीन’. त्यात चाळीस प्रकरणे आहेत, दहा-दहांच्या चार भागांत मांडलेली. गझालींच्या काळात विद्वानांची कमी नव्हती, पण वादविवाद बराचसा मानासाठी आणि दरबारी जागेसाठी चाले. त्यांनी लेखणी वळवली ती जेवायला कसे बसावे, कमाई कशी करावी, राग आणि मत्सर मनात कसे वाढतात, मैत्रीचे हक्क कोणते, मरणाची आठवण कशी ठेवावी, अशा रोजच्या गोष्टींकडे. पुढे अरबी न येणाऱ्यांसाठी तोच आशय त्यांनी फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ या नावाने थोडक्यात लिहिला. पुनरुज्जीवन कशाला म्हणतात हे मला त्या एका निर्णयातून सर्वांत स्पष्ट कळते.

त्यासाठी पुस्तकच कशाला? बयान आणि जलसे पुरत नाहीत का?

बयानाने मन हलते. पण घरी पोचेपर्यंत त्यातले किती उरते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. पुस्तक पुन्हा उघडता येते. अडले तर बोट ठेवून मौलाना साहेबांना विचारता येते. जिथे जलसा होत नाही त्या वाडीवस्तीवर ते पोचते आणि जी बाई जलशाला जाऊ शकत नाही तिच्या हातीही पडते. कुरआनच्या सर्वांत आधी उतरलेल्या आयतींत, म्हणजे सूरह अलकच्या सुरुवातीला, वाचण्याचा हुकूम आहे आणि लेखणीचा उल्लेख आहे. पहिल्याच संदेशात या दोन गोष्टी आल्या, हे विसरून आपल्याला चालणार नाही.

पत्रेसुद्धा हे काम करतात. मुजद्दिद अल्फ सानी म्हणून ओळखले जाणारे शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांची ५३६ पत्रे तीन भागांत जमवलेली आहेत. ती नकलून एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि मोगल सरदारांपासून खानकाहीतल्या (सुफी मठातल्या) मुरिदांपर्यंत, म्हणजे शिष्यांपर्यंत, वाचली गेली.

मराठवाड्याचा या परंपरेशी काय संबंध? हे सगळे दिल्ली-लखनौकडचे नाही का?

हा प्रश्न ऐकला की वाईट वाटते, कारण आपल्याच अंगणातली दौलत आपल्याला कुणी दाखवलेली नाही.

१३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला आणली. त्या लोंढ्यात कवी अमीर हसन सिज्जी होते. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकीत बसून त्यांनी गुरूंचे बोल तारखेवार टिपून ठेवले होते. तोच ‘फवाइदुल फुआद’. गुरूच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे नोंदवायची, मलफूजात नावाची जी परंपरा हिंदुस्थानात पुढे बहरली, तिचा हा पाया मानला जातो. ते लिहिणारे अमीर हसन आज खुलताबादला दफन आहेत. वेरूळ-खुलताबाद रस्त्याने आपण कितीदा जातो, पण तिथे कोण झोपले आहे याची ओळख शाळेत होत नाही, मदरशातही फारशी होत नाही.

निजामुद्दीन औलियांचे खलिफा, म्हणजे आध्यात्मिक वारस, हजरत बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांनीही खुलताबादलाच आपले काम केले. त्यांच्या मुरिदांत काशानी घराण्यातले भाऊ होते. त्यांतल्या हम्माद काशानींनी ‘अहसनुल अकवाल’ लिहिले, रुक्नुद्दीन काशानींनी ‘नफाइसुल अनफास’ आणि ‘शमाइलुल अतकिया’. गुरूंपुढे कसे बसावे, पाहुण्याला कसे वागवावे, पैसा आला तर काय करावे, भुकेल्याला आधी की नफल (ऐच्छिक) इबादत आधी, असे व्यवहारातले प्रश्न या मलफूजातींत सतत भेटतात. हे सगळे फारसीत होते.

आणि आता माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. सतराव्या शतकात मीराँ याकूब यांनी ‘शमाइलुल अतकिया’ दखनीत आणले. फारसी न येणाऱ्या माणसापर्यंत हा ग्रंथ पोचावा म्हणून एवढा मोठा खटाटोप केला गेला. त्याच सुमारास विजापूरकडच्या सुफी घराण्यांतून चक्कीनामे आणि चरखानामे येत होते. जात्यावर दळताना, सूत काततांना बायकांनी म्हणायची दखनी गाणी ती, आणि त्यांत अल्लाहचे स्मरण आणि पीराची शिकवण गुंफलेली. आपल्या मराठी ओवीची ही सख्खी बहीण. खेड्यातल्या बाईपर्यंत दीन पोचवायचा तर तो तिच्या कामाच्या लयीत बसला पाहिजे, हे त्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी कळले होते.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे सिराज औरंगाबादींनी अठराव्या शतकात सुफी भावनेची गझल लिहिली. पाणचक्कीच्या तकियात (फकिरांच्या मठात) राहिलेले आणि १७८६ साली वारलेले गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी अरबीत ‘सुबहतुल मरजान’ लिहून हदीस आणि तफसीरमधले (कुरआनच्या भाष्यांतले) हिंदुस्थानचे उल्लेख एकत्र केले. परका म्हणवला जाणारा धर्म या भूमीला स्वतःच्या धर्मग्रंथांत शोधतो, हे त्या पुस्तकातले प्रेम आहे. तेही खुलताबादलाच दफन आहेत.

निजामाच्या राज्यात हा प्रवाह छापखान्यात आला. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने जुने अरबी ग्रंथ शोधून छापले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम बरीच वर्षे औरंगाबादेतूनच चालवले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला कुरआनचा अनुवाद देणारे मार्माड्यूक पिक्थॉल हेही निजामाच्या सेवेत होते आणि त्यांचा अनुवाद १९३० साली आला. मराठवाडा तेव्हा याच राज्याचा भाग होता, त्यामुळे हा वारसा आपलाही आहे.

मग हे सगळे थांबले कुठे?

थांबले नाही, पण भाषा तुटली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरी, कोर्ट आणि शाळेतून उर्दू मागे सरली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आजोबांचे दस्त उर्दूत, वडिलांचे शिक्षण अर्धे उर्दू अर्धे मराठी, नातू जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. उर्दू शाळा आहेत, मदरसे आहेत, औरंगाबादच्या जामा मशिदीतला काशिफुल उलूमसारखा मोठा मदरसा आहे, पण छोट्या गावातल्या शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलाला जवळ जी शाळा असेल तीच मिळते. त्या मुलाचे नाझरा कुरआन पूर्ण होते, म्हणजे अरबी अक्षर वाचता येते, पण अर्थ कळत नाही. उर्दू पुस्तक हाती दिले तर तो लाजून बाजूला ठेवतो. घरातल्या कपाटातले पुस्तक आणि घरातला वाचक यांची गाठ पडेनाशी झाली. मराठवाड्यातल्या दीनी वाचनाची खरी अडचण मला हीच दिसते.

मौलाना मौदूदी औरंगाबादचे होते, हे खरे का? त्यांचे लेखन वाचावे का?

खरे आहे. अबुल आला मौदूदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत झाला. वडील तिथे वकिली करीत. सुरुवातीचे शिक्षण घरी आणि मग औरंगाबादच्याच मदरशात झाले. पुढे पत्रकारिता, जमियत उलमाच्या ‘अल-जमियत’चे संपादन, मग १९३३ पासून हैदराबादेतून ‘तर्जुमानुल कुरआन’ मासिक. ‘रिसाला-ए-दीनियात’ हे त्यांचे छोटे पुस्तक १९३२ च्या सुमाराचे, तेही हैदराबादच्या काळातले. १९३८ मध्ये ते पंजाबात गेले आणि १९४१ मध्ये लाहोरला जमाअत-ए-इस्लामी स्थापन झाली. ‘तफहीमुल कुरआन’ या सहा खंडांच्या तफसीरचे काम १९४२ ते १९७२ असे तीस वर्षे चालले. १९७९ मध्ये ते वारले.

त्यांची उर्दू सोपी, मुद्देसूद आणि शिकलेल्या तरुणाशी थेट बोलणारी होती. कॉलेजात शिकून मनात शंका घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी आधी शंका मांडू दिली आणि मग उत्तर दिले. विसाव्या शतकात पुस्तकातून उभी राहिलेली इस्लामी चळवळ म्हटले की हे नाव टाळता येत नाही.

पण वाचताना डोळे उघडे ठेवावेत. धर्माचा गाभा राज्यसत्तेच्या स्थापनेशी जोडण्याची त्यांची मांडणी अनेक मोठ्या आलिमांनी (धर्मविद्वानांनी) नाकारली आहे. मौलाना वहीदुद्दीन खान काही वर्षे जमाअतमध्ये होते. १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ लिहून ते सविस्तर मतभेद नोंदवत बाहेर पडले आणि १९७६ पासून ‘अर-रिसाला’ मासिकातून त्यांनी शांतता, संयम आणि दावत (दीनाकडे बोलावणे) यांवर भर दिला. मौलाना अबुल हसन अली नदवी हेही आरंभी जमाअतच्या जवळ होते, नंतर दूर झाले आणि त्यांनीही या मांडणीवर टीका लिहिली. मला स्वतःला वहीदुद्दीन खान यांचा आक्षेप योग्य वाटतो. दीन सर्वांत आधी माणूस आणि अल्लाह यांच्यातले नाते आहे आणि बहुधर्मी देशात राहणाऱ्या मुसलमानाला तो पूर्ण पाळता येतो. तरीही मौदूदींना न वाचता त्यांच्यावर बोलणारे आणि त्यांच्याशिवाय दुसरे काहीच न वाचणारे, दोघेही मला अर्धवट वाटतात.

पुनरुज्जीवन म्हटले की लोकांना कट्टरतेची भीती वाटते. ती चुकीची आहे का?

भीती अगदी बिनबुडाची नाही. वाचणाऱ्याला फक्त दुसऱ्याची चूक दाखवणारी पुस्तके आहेत. अमुक मसलकचे (पंथाचे) लोक गुमराह, अमुक दर्ग्यावर जाणारे असे, अमुक तसे. देवबंदी-बरेलवी वादाची चोपडी मी कुणाच्याही हातात पहिले पुस्तक म्हणून देणार नाही. अशा वाचनाने नमाज सुधारत नाही, शेजाऱ्याशी बोलणे मात्र बंद होते.

ज्या पुस्तकाने वाचणारा आधी स्वतःकडे बघतो, ते पुस्तक जागे करणारे. तो खोटे कमी बोलू लागला का, तराजू सरळ धरू लागला का, आईशी आवाज खाली आणून बोलू लागला का, उधारी वेळेवर फेडतो का, हे बघावे. टोपी आणि दाढी लगेच दिसते. या गोष्टी दिसायला वेळ लागतो.

हमीद दलवाई (१९३२–१९७७) आणि १९७० मध्ये निघालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने धर्माच्या चौकटीबाहेरून प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांशी मी सहमत नाही. पण तलाकपीडित बाईचे दुःख त्यांनी मोठ्याने सांगितले, ते आपल्या धार्मिक साहित्याने आधी सांगायला हवे होते.

शेख महंमद, शहामुनी यांच्या मराठी ग्रंथांना इस्लामी साहित्य म्हणायचे का?

दोन्हीकडून हात ओढले जाणारे हे लोक आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादरी सुफी परंपरेतले. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. शहामुनी अठराव्या शतकातले, ‘सिद्धांतबोध’चे कर्ते, त्यांचे नाव गोदाकाठच्या शहागडशी जोडलेले. त्याआधीचे शाह मुंतोजी बहामनी. या परंपरेचा एकत्र अभ्यास रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात केला आणि औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी शिकवलेले यू. म. पठाण यांनी सुफी आणि संत साहित्याच्या नात्यावर आयुष्यभर लिहिले.

काटेकोर अर्थाने हे फिकह (धर्मनियम) किंवा अकीद्याचे (श्रद्धातत्त्वांचे) ग्रंथ नव्हेत. त्यांत हिंदू तत्त्वज्ञानाची आणि पुराणांची भाषा भरपूर आहे आणि त्यातले सगळेच मी इस्लामची शिकवण म्हणून कुणाला सांगणार नाही. पण मुसलमान माणूस मराठीत खोलवर आध्यात्मिक बोलू शकतो, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल फार आहे. ‘मराठीत दीनाची भाषाच नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी योगसंग्रामाची पाने दाखवतो. अलीकडच्या काळात सोलापूरच्या फकरुद्दीन बेन्नूर आणि लातूरच्या फ. म. शहाजिंदे यांनी मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी केली. ती मुख्यतः सामाजिक जगण्याची, धार्मिक साहित्याची नव्हे. तरी त्या चळवळीने मराठी मुसलमानाची स्वतःची मराठी कशी असते ते दाखवून दिले आणि आज दीनावर लिहिणाऱ्याला तीच मराठी हवी आहे.

मराठीतून वाचले तर अरबी-उर्दू सुटेल, ही भीती बरोबर आहे का?

अरबी सुटू देऊच नये. नमाज अरबीत आहे, कुरआन अरबीत आहे, अनुवाद म्हणजे कुरआन नव्हे. उर्दूही जमेल तितकी शिकावी, कारण दोनशे वर्षांची तफसीर, सीरत (पैगंबरचरित्र) आणि हदीसची कमाई तिच्यात साठलेली आहे. पण उर्दू येईपर्यंत थांब, असे विशीतल्या मुलाला सांगणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणे.

एकेकाळी उर्दूलाही हेच ऐकावे लागले होते. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला, कारण तेव्हा शिकलेला माणूस फारसी वाचत होता. त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी १७९० च्या सुमारास तो उर्दूत आणला, कारण तोवर लोक उर्दूकडे आले होते. वडिलांची भाषा पुरत नाही हे दिसल्यावर मुलाने भाषा बदलली, आणि दोघेही आलिम होते. मग छापखाने आले. लखनौचे मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये काढलेल्या छापखान्यातून कुरआन आणि इस्लामी ग्रंथ स्वस्तात घरोघर गेले. मुन्शीजी स्वतः हिंदू होते. दीनाच्या प्रसाराच्या या इतिहासात त्यांचे नाव आदराने घ्यायला हवे.

कुरआनचा मराठी अनुवाद वुजू (नमाजआधी हातपाय धुणे) न करता हातात घेता येतो का?

नुसता अनुवाद असेल तर बहुतेक आलिम परवानगी देतात. सोबत अरबी मूळ छापलेले असेल तर वुजू करून घ्यावा. शंका असल्यास आपल्या इमाम साहेबांना विचारावे. वुजूच्या भीतीने पुस्तक वर्षभर कपाटाच्या वरच्या फळीवर राहते, तसे मात्र होऊ देऊ नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज हदीस येतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?

तपासल्याशिवाय ठेवू नये आणि पुढेही पाठवू नये. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ ही मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमात ऐकू येणारी हदीस मुहद्दिसांनी (हदीस पारखणाऱ्या विद्वानांनी) अतिशय कमजोर ठरवली आहे. इब्न जौझींनी तर ती रचलेल्या हदीसांत घातली. ‘विद्वानाची शाई शहीदाच्या रक्ताहून पवित्र’ या वाक्याचेही तसेच. ही वाक्ये मनाला भावतात म्हणून पैगंबर साहेबांच्या (स.) नावावर खपवता येत नाहीत. ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज असल्याची हदीस इब्न माजाच्या संग्रहात आहे, ती सांगावी.

‘माझ्याकडून एक आयत का असेना, पोचवा’ ही हदीस बुखारीत आहे, तिच्या आधारे लोक मेसेज फॉरवर्ड करतात. त्याच हदीसमध्ये पुढे, जाणूनबुजून माझ्या नावावर खोटे बोलणाऱ्याने आपले ठिकाण आगीत समजावे, असाही इशारा आहे. आणि सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे की ऐकलेले सगळे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे. मेसेजमध्ये संग्रहाचे नाव आणि हदीस क्रमांक नसेल, तर तो पुढे ढकलू नये.

घरातल्या बायकांनी काय वाचावे? बहिश्ती जेवर पुरेसे आहे का?

मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचे ‘बहिश्ती जेवर’ आमच्या आज्यांच्या लग्नात सामानासोबत दिले जायचे. त्यात मसले (धर्मनियमांचे प्रश्न) आहेतच, शिवाय पत्र कसे लिहावे, हिशेब कसा ठेवावा, स्वयंपाक आणि घरगुती उपचार अशाही गोष्टी आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुलीच्या हाती पुस्तक देणे आणि तिने दीन स्वतः वाचून समजून घ्यावा म्हणणे, हे मोठे पाऊल होते. आज ते पुस्तक त्याच्या काळासह वाचावे. बाईच्या वागण्याबद्दलचे काही सल्ले त्या काळच्या घरंदाजीचे आहेत, शरीअतचे नाहीत.

पण मला इथे थोडे थांबायचे आहे. मराठवाड्यात बाप वारला की तेराव्या-चाळिसाव्याच्या आत बहिणीला तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची पद्धत हिंदू-मुसलमान सगळ्यांत आहे. भावाचे प्रेम राहावे, माहेर तुटू नये, म्हणून ती निमूट सही करते. सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्पष्ट आहे : आई-बाप आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही हिस्सा आहे, मग ते थोडे असो की जास्त, हा ठरवून दिलेला हिस्सा आहे. अकराव्या आयतीत वाटे मोजून दिलेत. नमाजच्या रकाती चुकल्या तर आपण सज्दा-ए-सह्व (चुकीच्या भरपाईचा सज्दा) करतो, आणि अल्लाहने मोजून दिलेला बहिणीचा वाटा वर्षानुवर्षे खातो. यावर जुम्याला किती खुतबे होतात?

हुंड्याचेही तेच. कुरआनने नवऱ्याला मेहर द्यायला सांगितली, सूरह निसाच्या चौथ्याच आयतीत, राजीखुशीने. आपल्याकडे मेहर कागदावर राहते आणि मोटारसायकल, फर्निचर, मांडवाचा खर्च मुलीच्या बापावर येतो. त्यासाठी तो सावकाराकडे जातो. दहा-बारा पानांची, मोठ्या अक्षरांतली, साध्या मराठीतली मेहर आणि वारसा यांवरची पुस्तिका प्रत्येक निकाहच्या आधी दोन्ही घरांत वाचली गेली तर त्याहून मोठे पुनरुज्जीवन मला सुचत नाही. शेतजमिनीचा कायदा गुंतागुंतीचा आहे, त्यासाठी वकील गाठावा. पण नियत तरी आधी सरळ व्हावी.

तब्लीगी जमातीत एकच पुस्तक वाचतात. ते योग्य आहे का?

मौलाना मुहम्मद जकरिया कांधलवी यांचे ‘फजाइले आमाल’ मशिदीत नमाजनंतर पाच-दहा मिनिटे वाचले जाते. रोजचे थोडे, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने वाचलेले. ज्याला अक्षर येत नाही तोही ऐकतो. ही पद्धत मला मनापासून आवडते. २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावला झालेल्या इज्तिमाला (मेळाव्याला) मराठवाड्यातल्या गावागावांतून माणसे गेली ती अशाच रोजच्या बैठकांतून तयार झालेली. पुस्तकातल्या काही कमजोर रिवायतींवर (परंपरेने आलेल्या कथनांवर) आलिमांनी आक्षेप घेतले आहेत, ते लक्षात ठेवावे. आणि त्यासोबत कुरआनचा अर्थही वाचावा.

मग सुरुवात कुठून करू?

फातिहा आणि तिसाव्या, म्हणजे कुरआनच्या शेवटच्या, पाऱ्यापासून. नमाजमध्ये रोज म्हणतो त्या छोट्या सूरह आधी अर्थासह वाचाव्यात : फातिहा, अस्र, माऊन, तकासुर. सूरह माऊनमध्ये अनाथाला ढकलणाऱ्याचा आणि नमाजचा दिखावा करणाऱ्याचा उल्लेख एका दमात येतो. तो अर्थ कळला की नमाजला उभे राहतानाच फरक पडतो. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टने ‘दिव्य कुरआन’सह बरीच पुस्तके मराठीत काढली आहेत, ती मागवता येतात. मग एक सीरत. उर्दू येत असेल तर शिबली नोमानींनी सुरू केलेली आणि सय्यद सुलेमान नदवींनी पूर्णत्वास नेलेली ‘सीरतुन्नबी’. ती मोठी आहे, पण घाई नाही. मग आपल्या गरजेचा फिकह. वादाची पुस्तके सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही.

मुलांसाठी पुस्तके घरात ठेवा. औरंगाबादेत गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची छोटी ग्रंथालये उभी राहिली. एक कपाट, एक सतरंजी आणि संध्याकाळी दार उघडणारे एक माणूस एवढ्यावर ती चालतात. हे तालुक्याच्या गावीही करता येते.

माझा हिंदू मित्र वाचू इच्छितो. देऊ का?

जरूर द्या, आणि वाचून झाल्यावर त्याचे ऐकून घ्या. मराठीत ही वाट आधीच पडलेली आहे. महात्मा फुले यांनी ‘मानव महंमद’ लिहिले, साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’, आणि विनोबांनी अरबी शिकून कुरआनचे सार काढले. मुसलमान नसलेल्यांनी इतक्या प्रेमाने लिहिले, मग आपण स्वतः मराठीत का कमी लिहिले?

मला मराठीत दीनावर लिहायचे आहे. काय लक्षात ठेवू?

आधी आपल्या आईला वाचून दाखवा. तिला अडले तर वाक्य बदला. मराठीत येणारे बरेचसे धार्मिक साहित्य अनुवादाचे आहे आणि ते वाचताना परीक्षेचे पाठ्यपुस्तक वाचल्यासारखे होते. नमाज, रोजा, जकात, सब्र, तौबा हे शब्द आपल्या घरचे आहेत, मराठी शेजाऱ्यालाही ठाऊक आहेत. ते तसेच ठेवा आणि भोवतीची मराठी बीडची, हिंगोलीची, आपल्या बोलण्यातली असू द्या. दाखलेही इथले द्या. उसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने प्रवासात नमाज कशी कसर (छोटी) करावी, सोयाबीनच्या उत्पन्नावर उश्र (पिकावरची जकात) किती, दुष्काळात कर्ज घेताना सूद (व्याज) कसा टाळावा, बाजार समितीत माप मारणाऱ्याबद्दल कुरआन काय म्हणतो. या प्रश्नांवर मराठीत सलग, जबाबदारीने लिहिलेले फार थोडे आहे. मसला लिहिण्याआधी मुफ्तींना दाखवावा. दुसऱ्या धर्माला किंवा मसलकला कमी लेखणारे एक वाक्यही राहू देऊ नये.

आजोबांच्या पेटीत जुनी उर्दू-फारसी पुस्तके आहेत, कुणालाच वाचता येत नाहीत. काय करू?

रद्दीत देऊ नका आणि घाईने दफनही करू नका. कुरआनची फाटकी पाने स्वच्छ कपड्यात गुंडाळून पाय न पडणाऱ्या जागी पुरतात, ते बरोबर. पण हाताने लिहिलेले काही असेल, कडेला टिपणे असतील, औरंगाबाद किंवा हैदराबादच्या जुन्या छापखान्याचे नाव असेल, तर आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर उजेडात फोटो काढून ठेवा. मग विद्यापीठाच्या उर्दू विभागात किंवा जवळच्या मोठ्या मदरशात जाणकाराला दाखवा. वाळवी लागली असेल तर पुस्तक वेगळे ठेवा, उन्हात वाळत घालू नका, कारण जुना कागद कडक होऊन तुटतो. आणि घरात कुणी उर्दू वाचणारे म्हातारे माणूस अजून असेल, तर त्यांना पहिले पान मोठ्याने वाचायला लावून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून घ्या. हे या महिन्यातच करा.